सात महिन्यांचं बाळ, उजवी कमान आणि सीटीत न दिसणारी दोरी

सात महिन्यांचा मुलगा, घर काटोल तालुक्यात. जन्माचं वजन २.८ किलो, आताचं ६.४ किलो. श्वासाला आवाज पहिल्या आठवड्यापासूनच होता. तिसऱ्या महिन्यानंतर तो शेजाऱ्यांनाही ऐकू येऊ लागला. नागपूरला आणेपर्यंत बाळ दोनदा भरती होऊन आलं होतं, घरी नेब्युलायझरचं मशीन घेतलेलं होतं आणि फायलीवर ‘बाळदमा’ लिहिलेलं होतं. (हे शिकवण्यासाठी जुळवलेलं नमुना-प्रकरण आहे. आकडे अशा बाळांत येतात त्या टप्प्यातले आहेत, पण कुणा एका मुलाची ही फाईल नव्हे.)

शेवटी निदान निघालं ते दुहेरी महाधमनी कमानीचं, तेही तिच्या फसव्या प्रकाराचं. महाधमनी म्हणजे हृदयातून निघणारी मुख्य धमनी; ती वर जाऊन जिथं वळते ती तिची कमान. गर्भात सुरुवातीला महाधमनीच्या कमानी दोन्ही बाजूंना असतात. पुढं उजवीचा मागचा भाग विरून जातो आणि डावी कमान उरते. या बाळात उजवी टिकली आणि मोठी झाली, पण डावीही पूर्ण गेली नाही. तिचा मागचा एक तुकडा आतून बंद पडला, त्यातून रक्त वाहायचं थांबलं आणि तो नुसती दोरी होऊन राहिला. दोन्ही कमानी आणि ही दोरी मिळून एक कडं झालं, आणि श्वासनलिका व अन्ननलिका दोन्ही त्या कड्यात अडकल्या. आता गोम अशी, की सीटीत रंगतं ते रक्त. ज्या तुकड्यात रक्तच नाही तो दिसणार कसा? म्हणून अशा बाळाचा एक्स-रे ‘उजवी कमान’ म्हणतो, इको (हृदयाची सोनोग्राफी) ‘उजवी कमान’ म्हणतो आणि घाईनं पाहिला तर सीटीही तेच म्हणतो. तिघंही खरं बोलतात, आणि तिघांवर विसंबून बाळ वाफेवरच राहतं.

घरच्यांनी सांगितलेलं

आजीचं एक वाक्य कुठल्याही तपासणीइतकं मोलाचं होतं: “दूध पेता पेता थांबते, मान मांगं टाकते, मंग पुन्हा पेते.” मान मागे टाकली की श्वासनलिका ताणली जाते आणि दाबाखालची जागा जराशी मोकळी होते. बाळ हे आपलं आपण शिकतं. झोपेतही ते मान मागे टाकूनच निजायचं. घरचे उशी लावून मान सरळ करायचे आणि आवाज वाढायचा.

दम्याची शिट्टी मुख्यतः श्वास सोडताना वाजते. इथं आवाज श्वास आत घेताना आणि बाहेर सोडताना, दोन्ही वेळा होता. रडताना आणि दूध पिताना तो वाढायचा, गाढ झोपेत कमी व्हायचा, पण पूर्ण थांबल्याचं कुणालाच आठवत नव्हतं. खोकला भुंकल्यासारखा. सहा महिने झाल्यावर खिमट आणि वरणाचं पाणी सुरू केलं, तेव्हा पातळ उतरायचं. घट्ट घास मात्र परत यायचा आणि ठसका लागायचा. अन्ननलिकेवरचा दाब दुधावर असेपर्यंत झाकलेला राहतो, घासाची पाळी आली की उघडा पडतो.

साल्ब्युटामॉलच्या (दम्यात श्वासनळ्या सैल करणाऱ्या औषधाच्या) वाफेचा उपयोग नव्हता. भरतीच्या कागदांत तर दोनदा वाफेनंतर आवाज वाढल्याची सिस्टरांची नोंद होती आणि ती कुणी वाचलेली दिसत नव्हती. त्यामागं कारण आहे. कड्यानं महिनोन्‌महिने दाबलेल्या जागी श्वासनलिकेची कूर्चा मऊ पडते. मग मागच्या भिंतीतला स्नायू जो थोडा ताण धरून असतो, तोच नळीला आधार देतो. साल्ब्युटामॉल तो स्नायू सैल करतं आणि नळी आणखी मिटते. औषधानं दमा उतरत नसेल तर डोस वाढवण्याआधी निदानाकडे परत जायला हवं.

नागपुरात उन्हाळ्यात घरघरणारं मूल आलं की पहिला प्रश्न ठरलेला: कूलरसमोर झोपवता का? प्रश्न चुकीचा नाही, कूलरच्या ओल्या ताट्यांना बुरशी धरते आणि तिचा त्रास होतो. पण हे बाळ नोव्हेंबरातलं. आवाज सुरू झाला तेव्हा कूलर माळ्यावर होता.

गरोदरपणातल्या सोनोग्राफीचा कागद आईनं जपून ठेवला होता. त्यात हृदयाचे चार कप्पे नीट असल्याचं लिहिलं होतं. ते खरंच होतं, पण चार कप्प्यांच्या चित्रात महाधमनीची कमान येतच नाही. १८ ते २२ आठवड्यांच्या तपासणीत त्याच्या वरच्या पातळीवर तीन रक्तवाहिन्या आणि श्वासनलिका एकत्र दिसतील असं चित्र घ्यावं लागतं. तिथं डक्टस (गर्भात फुफ्फुसधमनीला महाधमनीशी जोडणारी नळी) आणि कमान श्वासनलिकेच्या डाव्या बाजूला इंग्रजी ‘व्ही’च्या आकारात मिळायला हव्यात. कमान उजवी असली तर ‘यू’ दिसतो आणि श्वासनलिका त्याच्या मधोमध येते. प्रोब थोडा वर सरकवण्याचंच ते काम.

तपासताना चारही हातापायांच्या नाड्या सारख्या लागल्या. रक्तदाब उजव्या हातात ८६/५०, पायात ९०/५२. हे दोन आकडे मुद्दाम लिहिले आहेत. बाळाच्या महाधमनीबद्दल शंका आली की आधी तिचं आकुंचन, म्हणजे कोआर्क्टेशन, नाकारायचं असतं, आणि त्यासाठी महागडं मशीन लागत नाही. योग्य मापाचा कफ लागतो. कफचा फुगणारा भाग लहान पडला तर दाब खोटा वाढलेला दिसतो. ऑक्सिजन ९७ टक्के, हृदयाला मर्मर नाही.

एक्स-रे

आधीचे दोन एक्स-रे होते. दोन्हींत उजवीकडे वर एक सावली होती आणि ती न्यूमोनियाची धरली गेली होती. श्वासनलिकेकडे पाहिलं असतं तर प्रश्न तेव्हाच उभा राहिला असता. तान्ह्या बाळाच्या एक्स-रेत महाधमनीचा उंचवटा शोधण्यात अर्थ नसतो, थायमस ग्रंथी तो झाकून टाकते. कमानीची बाजू श्वासनलिकाच सांगते. कमान डावी असते तेव्हा श्वासनलिका किंचित उजवीकडे असते आणि श्वास सोडताना घेतलेल्या फिल्ममध्ये ती उजवीकडेच वाकते. कमानीच्या बाजूला वाकायला तिला जागा नसते. या बाळाच्या दोन्ही फिल्ममध्ये ती डावीकडे वाकलेली होती आणि तिच्या उजव्या कडेला खाच होती.

यावर भरवसा ठेवण्याआधी फिल्म तिरकी नाही ना हे पाहायचं. दोन्ही बाजूंच्या बरगड्यांची पुढची टोकं मणक्यापासून सारख्या अंतरावर हवीत. बाळ जरा जरी वळलं तरी श्वासनलिका हवी तिकडे सरकलेली दिसते.

नवीन एक्स-रे समोरून आणि बाजूनंही घेतला. बाजूच्या फिल्ममध्ये श्वासनलिका मागून ढकलल्यासारखी पुढे झुकलेली आणि दुभाजनाच्या, म्हणजे ती दुभागते त्या जागेच्या, थोडी वर अरुंद झालेली. एवढ्यावर ‘उजवी कमान, कड्याची शंका’ असं लिहून पुढच्या तपासणीला पाठवता येतं. बाजूची फिल्म बहुतेक वेळा घेतलीच जात नाही, याचं वाईट वाटतं; खर्च फार नाही आणि किरणोत्सर्गही अगदी थोडा.

इको, आणि शंकेला धार आणणारी ओळ

टू-डी इको १२ मेगाहर्ट्झच्या प्रोबनं झाला. खांद्याखाली टॉवेलची गुंडाळी, मान मागे, प्रोब छातीच्या हाडाच्या वरच्या खळगीत. हे बाळ या स्थितीत शांत पडून राहिलं, कारण त्याला तीच सोयीची होती. कमानीची पहिली शाखा कुठं जाते आणि तिचे पुढे दोन फाटे होतात का, हे पाहायचं असतं. पहिली शाखा उजवीकडे जाऊन दुभागली तर कमान डावी. इथं पहिली शाखा डावीकडे गेली आणि तिचे दोन फाटे झाले. रिपोर्ट आला: ‘उजवी कमान, आरशातल्या प्रतिमेसारख्या शाखा, हृदयात दोष नाही, डक्टस बंद.’

त्या रिपोर्टातला ‘हृदयात दोष नाही’ हा तुकडा सगळ्यात महत्त्वाचा निघाला. आरशासारख्या शाखांची खरीखुरी उजवी कमान बहुतेक वेळा हृदयातल्या जन्मजात दोषासोबत येते, विशेषतः फॅलोच्या टेट्रॉलॉजीसोबत (हृदयात चार दोष एकत्र असतात तो जन्मजात रोग). आणि तिच्यात सहसा कडं तयार होत नाही, त्यामुळे श्वासाला त्रासही होत नाही. म्हणजे हृदय धडधाकट, कमान उजवी, शाखा आरशासारख्या आणि वर श्वासाला दोन्ही वेळा आवाज, हे गणित जुळत नाही. जुळत नाही म्हणजे ‘आरशासारख्या शाखा’ हेच तपासून पाहायचं. डावीकडे जाणारी ती पहिली शाखा म्हणजे साधी इनॉमिनेट धमनी (एका बाजूच्या मानेच्या आणि हाताच्या धमन्यांचा सामाईक बुंधा) नसून डाव्या कमानीचा उघडा राहिलेला पुढचा भाग असू शकतो. इको हे ठरवू शकत नाही. बंद दोरीतून प्रवाह नसल्यानं डॉप्लरला तिथं रंग मिळत नाही.

बेरियम पाजून एक्स-रे घ्यावा का, ही चर्चा झाली. पूर्वी कड्याचं निदान त्यावरच व्हायचं: समोरून अन्ननलिकेला दोन्ही बाजूंनी वेगवेगळ्या उंचीवर खाचा, बाजूनं पाहिलं तर मागून मोठी खाच. सीटीची सोय नसलेल्या ठिकाणी ही तपासणी आजही उपयोगाची आहे. इथं ती वगळली. ठसका लागणाऱ्या बाळाच्या फुफ्फुसात बेरियम जाण्याचा धोका होता. शिवाय अन्ननलिकेत उरलेलं बेरियम दुसऱ्या दिवशीच्या सीटीत नेमक्या हव्या त्या जागेवर पांढरे पट्टे ओढतं. सीटी होणारच असेल तर बेरियम आधी देऊ नये.

एमआरआयचा विचारही थोडक्यात संपला. किरणोत्सर्ग नाही हे खरं, पण अर्धा-पाऊण तास भूल हवी, आणि श्वासनलिका अरुंद असलेल्या बाळाला भूल देणं हीच या प्रकरणातली सगळ्यात धोक्याची पायरी.

सीटी अँजिओची तयारी

पूर्ण भूल आणि स्नायू सैल करणारं औषध दिलं तर मऊ पडलेली श्वासनलिका मिटू शकते. म्हणून बाळ स्वतःचा श्वास स्वतः घेत राहील अशा बेतानं सगळं ठरलं. सहा महिन्यांच्या आतलं बाळ दूध पाजून, दुपट्यात घट्ट गुंडाळून, औषधाशिवायही स्कॅन होतं. सात महिन्यांचं हे बाळ गुंडाळणीत राहत नव्हतं. भूलतज्ज्ञानं नाकातून डेक्समेडेटोमिडीन दिलं, किलोमागे २.५ मायक्रोग्रॅम म्हणजे एकूण १६ मायक्रोग्रॅम. १०० मायक्रोग्रॅम प्रति मिलीच्या वायलमधून हे फक्त ०.१६ मिली होतं, म्हणून १ मिलीची सिरिंज घेऊन दोन्ही नाकपुड्यांत अर्धं-अर्धं. गाढ झोपेला अर्धा तास लागला. हृदयाचे ठोके या औषधानं मंदावतात, मॉनिटर शेवटपर्यंत लावलेला होता. आईचं दूध चार तास आधी बंद, खिमट सहा तास आधी. मॉनिटरशेजारी योग्य मापाचा मास्क, बॅग आणि ट्यूब उघडून ठेवलेली.

सुई कुठं लावायची, हा प्रश्न वाटतो त्याहून मोठा आहे. डाव्या हातातून दिलेलं कॉन्ट्रास्ट (सीटीत रक्त रंगवणारं औषध) डाव्या इनॉमिनेट शिरेतून कमानीच्या शाखांच्या अगदी समोरून आडवं जातं आणि दाट पांढरे पट्टे पाडतं. उजव्या हातातून दिलं तर ते वरच्या महाशिरेत साठतं, जी इथं उजव्या कमानीच्या शेजारीच आहे. म्हणून पायात २४ नंबरची सुई लावली. औषध भरण्याआधी ५ मिली सलाईन हातानं सोडून शीर फुगत नाही ना, हे बोट ठेवून पाहिलं.

आयोडीनचं प्रमाण ३०० मिलिग्रॅम प्रति मिली असलेलं कॉन्ट्रास्ट किलोमागे २ मिली, म्हणजे १३ मिली. वेग सेकंदाला १ मिली. मागोमाग ८ मिली सलाईन. कॉन्ट्रास्ट ३७ अंशांपर्यंत कोमट केलेलं होतं. थंड औषध पायात शिरलं की झोपलेलं बाळ दचकून उठतं आणि स्कॅन वाया जातो. नळीतला हवेचा प्रत्येक बुडबुडा काढायचा, जन्मजात हृदयदोषाची शंका असलेल्या मुलात तर हटकून.

टेबलावर घेताना तंत्रज्ञानं गळ्यातला काळा दोरा आणि त्यातला ताईत काढायला सांगितला. आजी कुरकुरली, मग ताईत तिच्याच मुठीत दिला. स्कॅन गळ्यापासून सुरू होतो. धातूचं एवढंसं पानही छातीच्या वरच्या भागातली दहा-बारा चित्रं नासवतं, आणि या प्रकरणात सगळं निदान त्याच चित्रांत होतं. ईसीजीच्या तारा खांद्याच्या बाहेर काढल्या, हात डोक्याजवळ मऊ पट्टीनं बांधले, बाळ गँट्रीच्या, म्हणजे मशीनच्या गोल चौकटीच्या, बरोबर मध्यभागी आहे ना हे दोन्ही बाजूंच्या प्रकाशरेषांवर पाहिलं. बाळ मध्यापासून वर-खाली राहिलं तर मशीन त्याला मोठं किंवा लहान समजतं आणि डोस चुकवतं.

स्कॅनची हद्द स्वरयंत्रापासून डायाफ्रामपर्यंत. ८० किलोव्होल्ट, करंट मशीनच्या आपोआप नियंत्रणावर, चित्रं ०.६ मिमी जाडीची. कॉन्ट्रास्टच्या आधीचा फेरा नाही, नंतरचा नाही, एकच फेरा. पायातून येणाऱ्या कॉन्ट्रास्टला हातापेक्षा वेळ जास्त लागतो, म्हणून ठरलेल्या सेकंदांवर न जाता खालच्या महाधमनीत उजळपणा आलेला डोळ्यांनी पाहून स्कॅन सोडला. नुसत्या कमानीसाठी ईसीजीशी मेळ घालण्याची गरज नसते. मिनिटाला १४० ठोक्यांवरही कमानीची कड पुरेशी स्वच्छ येते.

डोस १४ मिलीग्रे-सेंमी आला, ३२ सेंमीच्या फँटमवर (डोस मोजण्यासाठीचा प्लास्टिकचा दंडगोल). कन्सोलवर फँटमचं माप वाचायची सवय हवी. हाच किरणोत्सर्ग १६ सेंमीच्या फँटमवर साधारण दुप्पट आकड्यात दिसतो आणि दोन केंद्रांची तुलना करताना माणसं नाहक एकमेकांवर घसरतात. बाळाला प्रत्यक्ष मिळालेला डोस १ मिलिसिव्हर्टच्या आत बसतो.

वाचन

थ्रीडी चित्र सुंदर येतं, आणि या प्रकरणात तेच घात करतं. ठरावीक उजळपणाखालचं सगळं ते पुसून टाकतं. स्क्रीनवर आली ती देखणी उजवी कमान आणि आरशासारख्या शाखा. दोरीचा मागमूस नाही. म्हणून आधी आडव्या कापांचं वाचन, वरून खाली, एकेक चित्र.

छातीच्या वरच्या दाराशी चार रक्तवाहिन्या दिसल्या: पुढे दोन कॅरोटिड (डोक्याकडे जाणाऱ्या), मागे दोन सबक्लेव्हियन (हातांकडे जाणाऱ्या), मधोमध श्वासनलिका. इतकी नेमकी जुळणी नेहमीच्या कमानीत नसते, कारण तिथं एका बाजूला इनॉमिनेटचा जाड बुंधा येतो. चारही वाहिन्या सुट्या आणि दोन्हीकडे सारख्या दिसल्या, की प्रत्येक बाजूच्या जोडीला स्वतःची कमान आहे असं धरून पुढं जायचं.

खाली येताना डावीकडची ती ‘पहिली शाखा’ पकडली. ती इनॉमिनेटसारखी सरळ वर न जाता श्वासनलिकेच्या डाव्या कडेनं मागे वळली होती, ३.४ मिमी रुंद. तिच्यातून डावी कॅरोटिड निघाली, मग डावी सबक्लेव्हियन. सबक्लेव्हियन सुटते त्या जागी वाहिनीची खालची कड गुळगुळीत नव्हती. तिथं एक लहान टोक खाली आणि मागे ओढलेलं होतं, कुणीतरी तिथून धरून ठेवल्यासारखं. मोकळ्या धमनीला असं टोक येत नाही.

मग दुसरी बाजू. उजवी कमान ८.५ मिमी. ती अन्ननलिकेच्या मागून वळून खाली उतरत होती आणि उतरत्या महाधमनीच्या डाव्या अंगाला ५ मिमीचा एक फुगवटा होता, निमुळता होत डावीकडे आणि पुढे रोखलेला. फुगवट्यातून कुठलीच शाखा निघत नव्हती. गर्भात एखाद्या नळीतून रक्त वाहिल्याशिवाय असा फुगवटा उरत नाही, तेव्हा त्याच्या टोकाला पूर्वी काहीतरी जोडलेलं होतं. वरचं ओढलेलं टोक आणि खालचा निमुळता फुगवटा यांच्यामध्ये ४ मिमीची मोकळी जागा होती आणि दोन्ही टोकं एकमेकांकडे तोंड करून होती. दोरी त्या ४ मिमीत आहे. तिरक्या प्रतलात ३ मिमी जाडीचा काप फिरवून दोन्ही टोकं एकाच चित्रात आणली. शल्यविशारदाला पाठवायचं मुख्य चित्र हेच.

श्वासनलिका दुभाजनाच्या १.४ सेंमी वर सगळ्यात अरुंद: २.२ बाय ३.६ मिमी. तिच्या वर निरोगी जागी ५.५ बाय ५.७ मिमी. रुंदी निम्म्यावर आली असं वाटतं, पण हवा जाते ती क्षेत्रफळातून, आणि ते २४.६ चौरस मिमीवरून ६.२ वर आलेलं. पाऊण वाट बंद. मापं फुफ्फुसाच्या विंडोत (फुफ्फुस नीट दिसावं म्हणून ठरवलेल्या उजळपणाच्या टप्प्यात) घ्यायची. मऊ ऊतींच्या विंडोत नळीची कड नेमकी पकडता येत नाही आणि माप चुकतं. शिवाय हे एका क्षणाचं माप आहे. मऊ नळी प्रत्येक श्वासाला बदलते. दोन्ही फुफ्फुसांत हवा सारखी होती, म्हणजे एखादी मुख्य श्वासनळी वेगळी दाबली गेलेली नव्हती. फुफ्फुसधमनी जागेवर, डाव्या फुफ्फुसधमनीचा फास, जो श्वासनलिका आणि अन्ननलिकेच्या मधून जातो, तो नव्हता. थायमस होती. उजव्या किंवा दुहेरी कमानीत थायमस दिसली नाही तर २२व्या गुणसूत्रावरच्या तुकड्याच्या उणिवेची शंका बळावते आणि कॅल्शियम लगेच तपासावं लागतं. थायमस आहे म्हणून जनुकीय तपासणी टळत नाही. या बाळाचं रक्तही पाठवलं.

एका शक्यतेबद्दल स्पष्ट राहिलेलं बरं. आरशासारख्या शाखांची उजवी कमान, मागे फुगवटा आणि त्याला डावा डक्टल लिगामेंट (बंद पडलेल्या डक्टसची उरलेली दोरी), ही दुर्मीळ रचनाही कडं करते आणि सीटीत जवळजवळ अशीच दिसते. सबक्लेव्हियनचं ओढलेलं टोक आणि चार वाहिन्यांची जुळणी यांमुळे इथं कौल दुहेरी कमानीकडे गेला. नाव कुठलंही निघालं तरी छाती डावीकडूनच उघडायची आणि डावीकडची दोरी कापायची, म्हणून या वादात वेळ घालवण्यात अर्थ नव्हता.

रिपोर्टाचा शेवट असा लिहिला गेला: ‘उजवी कमान मोठी. डाव्या कमानीचा डाव्या सबक्लेव्हियनच्या पुढचा भाग बंद असल्याची अप्रत्यक्ष चिन्हं. उतरत्या महाधमनीला डावीकडे फुगवटा. लिगामेंट सीटीत दिसत नाही, पण डावीकडे गृहीत धरावं. कडं पूर्ण आहे. श्वासनलिकेचं क्षेत्रफळ सुमारे ७५ टक्के कमी. कोआर्क्टेशन नाही.’ यात ‘गृहीत धरावं’ लिहायला अनेकजण कचरतात. पण लिगामेंटही दोरीच आहे, तीही रंगत नाही, आणि ती कापायची राहिली तर कडं सुटत नाही.

पालकांच्या हाती मोठी छापील फिल्म आणि थ्रीडीचे रंगीत फोटो जातात. तेवढ्यावर दुसऱ्या ठिकाणचे डॉक्टर ‘साधी उजवी कमान’ म्हणून मोकळे होऊ शकतात. सगळे आडवे काप असलेली सीडी मागून घ्यावी आणि शस्त्रक्रियेच्या ठिकाणी आधी तीच उघडायला लावावी. कागदांचं म्हणाल तर राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मजात हृदयरोग येतो. हृदयाच्या आत दोष नाही म्हणून कडं त्यात बसत नाही असं कुणी म्हटलं, तर ‘महाधमनीचा जन्मजात दोष’ असं स्पष्ट लिहिलेलं पत्र जोडून द्यावं.

शस्त्रक्रिया आणि त्यानंतरचा आवाज

असं कडं प्रथम सोडवलं ते बोस्टनच्या रॉबर्ट ग्रॉस यांनी १९४५ साली, आणि तत्त्व आजही तेच आहे: दोनपैकी लहान कमान किंवा तिचा उरलेला भाग कापायचा. डावीकडून चौथ्या बरगडीखालून छाती उघडली. दोरी सीटीनं दाखवलेल्या त्याच दोन टोकांमध्ये मिळाली, लिगामेंट फुगवट्याला चिकटलेलं. दोन्ही बांधून कापली. डाव्या हाताला आणि पायाला ऑक्सिमीटर लावून आधी चिमटा लावून पाहिलं होतं. दोरी पूर्ण बंद आहे अशी खात्री असली तरी हे करायचं, कारण बारीकसा प्रवाह सीटीतून सुटू शकतो. स्वरयंत्राची डावी नस लिगामेंटला वळसा घालून जाते, ती आधी शोधून बाजूला ठेवली. अन्ननलिकेभोवतीचे तंतू मोकळे केले आणि फुगवटा मागे अडकवून टाकला, म्हणजे तो पुन्हा अन्ननलिकेवर रेलणार नाही.

पालकांना एक गोष्ट शस्त्रक्रियेच्या आधीच सांगायची असते, नंतर सांगून उपयोग नसतो: आवाज लगेच जाणार नाही. दाब गेला तरी मऊ झालेली कूर्चा घट्ट व्हायला महिने लागतात, काही मुलांत वर्षही उलटतं. सर्दी झाली की घरघर परत येईल. ती दमा नव्हे, आणि तिच्यावर साल्ब्युटामॉल आपल्या मनानं सुरू करायचं नाही. घरचं मशीन ठेवायला हरकत नाही, साध्या सलाईनची वाफ चालते. घट्ट घास मात्र दोन-तीन आठवड्यांत उतरू लागतात; अन्ननलिका लवकर सावरते. दूध सुरू झाल्यावर छातीत ठेवलेल्या नळीतून पांढरट द्रव आला तर छातीतली लसीकावाहिनी दुखावल्याची शंका घ्यायची, म्हणून पहिले काही दिवस नळीच्या बाटलीतल्या रंगावर लक्ष.

तीन महिन्यांनी वजन ८.१ किलो, मान सरळ, श्वास घेतानाचा आवाज गेलेला, सोडतानाचा रडताना थोडा. पुन्हा सीटीची मागणी आली होती, ‘बघून घेऊ’ म्हणून. ती नाकारली. बाळ खातंय, वजन वाढतंय, ऑक्सिजन ठीक आहे, तर सीटीनं निर्णय बदलणार नव्हता. सहा महिन्यांनंतरही आवाज वाढता राहिला, घास अडकू लागला किंवा न्यूमोनिया पुन्हा झाला, तर आधी दुर्बिणीनं श्वासनलिका पाहायची, बाळ स्वतः श्वास घेत असताना. नळी किती मिटते ते तिथंच कळतं. सीटी त्यानंतर, आणि तोही पायातल्या सुईनंच.